बजाबाची एकट्याची स्पर्धा

कुसुरवाडीत बजाबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. इतका भोळा, की कुणी 'जरा बस' म्हटलं की तो जराच बसायचा आणि उठून चालू लागायचा. सांगितलेलं काम मात्र मनापासून करायचा. गावात कुणाला काही अडलं तर लोक सगळ्यांना विचारत, बजाबाला सोडून. आयुष्यात एकदा तरी लोकांनी 'बजाबाला विचारा' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याच गावात गोविंदतात्या राहत. ते तारखात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर कडकट्ट वाजवून त्यांनी लोकांच्या तारा पाठवल्या. घरी आल्यावर त्यांनी हॅम रेडिओ बसवला. त्यावर हौशी माणसं देशोदेशीच्या माणसांशी मोर्सच्या टिंबा-रेघांत बोलतात. दरवर्षी त्याची स्पर्धा असते. दिवसभरात जो जास्तीत जास्त आणि लांबलांबची स्टेशनं गाठेल, तो पहिला. तात्यांना एकदा तरी कुसुरवाडीचं नाव वर आणायचं होतं. पण त्यांचा हात थरथरू लागला. टिंब पाठवायला गेले की तीन टिंबं जायची. तालुक्याच्या क्लबातली मंडळी म्हणू लागली, कुसुरवाडीहून आता फक्त कोंबडा ऐकू येतो.

एकदा तात्यांचा सराव चालू असताना बजाबा ओट्यावर बसला होता. तात्या थांबले, तर बाहेर बजाबा तेच सगळं तोंडाने वाजवत होता. एक टिंब इकडचं तिकडे नाही. तात्यांनी त्याला आत घेतलं. टिंबाला टिंब म्हणायचं आणि रेघेला रेघ, यात शहाणपण लागत नव्हतं, त्यामुळे बजाबा भराभर शिकला. परवान्याची परीक्षाही पास झाला, कारण घोकलेलं जसंच्या तसं लिहायचं होतं. तात्यांनी आपला दुसरा रेडिओ त्याच्या घरी नेऊन बसवला. अँटेनाची तार चिंचेला बांधली.

मग तात्यांनी पहिला धडा दिला. समोरचा जे पाठवेल ते जसंच्या तसं परत पाठवावं, म्हणजे त्याला कळतं की आपल्याला नीट ऐकू आलं. बजाबाने मान डोलावली आणि धडा पक्का केला.

दुसऱ्या दिवशी एका माणसाने लांबून विचारलं, तुझं नाव काय? बजाबाने पाठवलं, तुझं नाव काय? त्याने आपलं नाव सांगितलं. बजाबानेही तेच सांगितलं. तो म्हणाला, काय योगायोग. बजाबा म्हणाला, काय योगायोग. बराच वेळ असं चाललं आणि तो माणूस घाबरून बंद झाला.

तात्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "अरे, कुणी विचारलं तर उत्तर द्यावं. मोकळेपणाने, सविस्तर."

"बरं तात्या. यापुढे सविस्तर."

रेडिओवर बोलण्याआधी एक रिवाज असतो. कुणी आधीच बोलत असेल तर मध्ये घुसू नये, म्हणून 'जागा मोकळी आहे का' असं विचारतात. तसं एकाने विचारलं. बजाबाने वळून खोलीभर नजर फिरवली आणि सविस्तर कळवलं, की जागा मोकळी नाही. बाजेवर सुंदरा मिरच्या निवडते आहे, कोपऱ्यात कणगी आहे, दारात कुत्रं आहे. तुम्ही आलात तर मिरच्या उचलाव्या लागतील, पण या. त्या माणसाने पुन्हा काही विचारलं नाही. सुंदरा म्हणजे बजाबाची बायको. तिने मात्र मिरच्या उचलून ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत पाहुण्याची वाट बघितली.

तात्यांनी समजावलं, की एवढं लांबण लावायचं नसतं. स्पर्धेत तर मुळीच नाही. कुणाचंही स्टेशन कसंही ऐकू येवो, सगळ्यांना एकच सांगायचं, पाच नऊ नऊ. म्हणजे सगळं उत्तम. एवढं म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं.

बजाबाने धडा पक्का केला.

त्याच आठवड्यात त्याचे सासरे आले. बांधावरून घसरून पडलेले, कमरेत वाकलेले. ओट्याला टेकून कण्हत म्हणाले, "जावईबापू, बघा हो पाठ कशी दिसते."

बजाबा म्हणाला, "पाच नऊ नऊ." आणि कुत्र्याकडे वळला.

सासरे जेवायला थांबले नाहीत. सुंदरा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तात्यांना गाठून सगळं सांगितलं. तात्यांनी बजाबाला जवळ बसवलं. या वेळी ते रागावले नाहीत. म्हणाले, "बजाबा, समोरचा माणूस अशक्त असेल, अडलेला असेल, तर त्याला टाकून पुढे जाऊ नये. तो मागेल ते पुरतं द्यावं. मग कितीही वेळ लागो."

बजाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक त्याला खरोखर लागली होती. हा धडा त्याने सगळ्यांत पक्का केला.

स्पर्धेचा दिवस आला. तात्यांनी नियम सांगितला, की ही एकट्याची स्पर्धा आहे. दुसऱ्या कुणाची मदत घ्यायची नाही. खोलीत कुणी नको.

बजाबाने सुंदराला बाहेर पाठवलं. कुत्र्याला बाहेर काढलं. कोंबडी हाकलली. भिंतीवर एक पाल होती, तिला काढण्यात बराच वेळ गेला. शेवटी त्याने देवाची तसबीर उतरवली, नमस्कार केला आणि ओट्यावर नेऊन ठेवली. सुंदराने विचारलं, देवाला का बाहेर काढता? तो म्हणाला, त्याने मदत केली असती.

मग दार लावून, कानाला हेडफोन चढवून तो बसला. आणि खरोखर, असा खेळला की काय सांगावं. एकेक स्टेशन पकडायचं, पाच नऊ नऊ म्हणायचं, पुढच्याकडे वळायचं. जपान झालं, इटली झाली, ब्राझील झालं. ओट्यावर तात्या राखण करत बसले होते. भाकरीपुरता थांबला तेवढंच, बाकी आतून मोर्सच्या खटक्याचा आवाज अखंड येत होता. हळूहळू गाव जमलं. ज्यांनी आजवर बजाबाला काही विचारलं नव्हतं, ते दबक्या आवाजात तात्यांना विचारू लागले, बजाबाचं कसं चाललंय?

शेवटचा अर्धा तास उरला. तेवढ्यात बजाबाच्या कानावर अगदी बारीक, थकल्यासारखी हाक आली. दूरच्या समुद्रातल्या एका छोट्या बेटावरचं स्टेशन होतं ते. तात्यांनी इतक्या वर्षांत ते कधी ऐकलं नव्हतं. तालुक्याच्या क्लबालाही कधी मिळालं नव्हतं. त्या एका स्टेशनाला जबर गुण होते. बजाबाने हात आवरून, नीट आपली हाक पाठवली आणि पाच नऊ नऊ म्हणाला. पलीकडच्याला पुरतं ऐकू गेलं नाही. त्याने अशक्त आवाजात एकच मागितलं, पुन्हा पाठव.

बजाबाचा जीव कळवळला. तो ताठ बसला आणि पाठवू लागला.

बाहेर तात्यांना खटका एकदम जोरात धावताना ऐकू आला. क्षणाची उसंत नाही. हा एवढी स्टेशनं गोळा करतोय म्हणजे कमालच झाली. त्यांना राहवलं नाही. त्यांनी घरून गुळाची ढेप आणवली आणि सगळ्यांना वाटली. सासरेही काठी टेकत आले होते, त्यांनी जावयाच्या नावाने दोनदा गूळ घेतला.

वेळ संपली. तात्यांनी दार उघडलं. सारं गाव मागे उभं होतं. बजाबा घामाने भिजला होता आणि अजून खटका वाजवत होता.

तात्या म्हणाले, "बजाबा, संपली स्पर्धा. अजून कोणाला पाठवतोस?"

"बेटावरच्या माणसाला. फार अशक्त आहे बिचारा. पुन्हा पाठव म्हणाला."

तात्या पुढे वाकले. "मग पाठवलंस ना? एकदा आपली हाक पाठवायची, एवढंच होतं."

"ते शेवटी येईल, तात्या. मी पहिल्यापासून घेतलंय. सकाळचं जपान, मग इटली. एक टिंब सोडलं नाही."

तात्या बाजेवर बसले. आणि तेवढ्यात बजाबाने खटक्यावरचा हात काढला.

तात्यांना वाटलं, चला, उशिरा का होईना, पोराला उमगलं.

"का थांबलास?" त्यांनी विचारलं.

"इथं मी सकाळी भाकरी खाल्ली होती," बजाबा म्हणाला. आणि त्याने सुंदराला हाक मारून ताट वाढायला सांगितलं.