हिरवळीची दाढी

पुन्हा मलाच सांगायला बसवलंत! गुडघे दुखतात माझे. बरं, ऐका, आणि मधे तोंड घालू नका.

वाघझरी संस्थानच्या राजेसाहेबांना दाढी करून घेताना एकदा अक्कल सुचली. न्हाव्याने गालाला पाणी चोळलं, वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरला. राजेसाहेब अर्धी दाढी टाकून उठलेच!

"ओली केली की दाढी सुरेख निघते. मग महालापुढची हिरवळ कोरडी का कापता? बोलवा माळ्याला!"

सखोबा माळी धावत आला. हुकूम सुटला, आधी हिरवळीवर शंभर घागरी पाणी, मग गवत कापायचं विलायती यंत्र!

सखोबाने यंत्र ढकललं. ओलं गवत कापलंच जाईना, नुसतं आडवं पडे. पात्यांत शेणासारखा लगदा अडकला. चाकांनी बैलगाडीसारखे चर पाडले. सखोबा तीनदा घसरून आपटला तो वेगळाच! चार दिवसांत हिरवळ खरूज झालेल्या कुत्र्यासारखी दिसायला लागली.

राजेसाहेब भडकले. "कामचोर! उद्या आमच्या डोळ्यांदेखत ओलंच कापायचं. एक गोळा दिसला, एक चर उमटला, तर चंबूगबाळं उचल आणि संस्थानाबाहेर हो!"

सखोबा घरी येऊन कपाळ धरून बसला. त्याची लेक गिरजा भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबा, राजाला दाढीच हवी ना? मग दाढीच करू. उद्या मी येते."

सकाळी गिरजाने मुजरा केला. "सरकार, चूक माझ्या बापाचीच! न्हाव्याची रीत पाळली नाही."

"बघा! आम्ही काय सांगत होतो? कुठली रीत?"

"न्हावी आधी गाल ताणून धरतो, मग वस्तरा लावतो. इथे जमीन ताणून कोण धरणार? बाबांचे दोन्ही हात यंत्राला!"

राजेसाहेबांना पटलं की हो! "दिवाण, सेनापती, खजिनदार, राजज्योतिषी! चार कोपरे धरा. ओढा!"

चौघे चिखलात बसून ओढायला लागले. खजिनदार मूठभर गवतासकट उताणे पडले. ज्योतिषी घसरत घसरत थेट कारंज्यात! सेनापतींच्या मिशीतून चिखल ठिबकायला लागला.

"आणखी ओढा!"

दिवाण कुंथत म्हणाले, "सरकार, धोतर ताणलं, पाठ ताणली, जमीन काही ताणली जात नाही!"

"अरे मूर्खांनो," राजेसाहेब ओरडले, "जमीन कधी ताणली जाते का?"

"नाही ना, सरकार?" गिरजा पटकन म्हणाली. "मग तो गाल नव्हे! आणि गालच नाही, तर दाढी कसली?"

राजेसाहेब असे हसले, असे हसले, की पोट धरून स्वतःच चिखलात बसले!

गिरजाला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, सखोबाला राहतं घर कायमचं. वर हुकूम झाला, "गवत वाळल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. आम्ही सांगितलं तरी नाही!"

झालं. उठा आता. आणि जाता जाता शेजारच्या त्या नारबा मोहित्याला सांगा, ओलं गवतही यंत्राने कापता येतं म्हणून परवा माझ्याशी भांडला, त्याची माफी मागायची राहिलीय अजून.