कोनाड्यातली बांगड्यांची टोपली

एका गावात, जिथलं धुकं सकाळ उलटली तरी अंथरूण सोडत नसे, एक कासारीण राहत होती. डोक्यावर टोपली घ्यायची, दारोदार जायचं आणि बायकांच्या हातांत बांगड्या भरायच्या, हे तिचं काम. बोलता बोलता हात असा मऊ दाबायची, की बांगडी कधी चढली हे बाईला कळतही नसे.

एकदा एका लेकुरवाळीचा हात तिला फार गरम लागला. "अंग तापलंय गं तुझं," ती म्हणाली, हिरव्या बांगड्या भरल्या आणि पुढच्या दारी गेली. दुसरं काय करणार? पुढच्या खेपेला त्या घरात बांगड्या भरून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. त्या दिवसापासून कासारणीने वैद्य व्हायचा ध्यास घेतला.

गावामागच्या डोंगरावर एक विद्यापीठ होतं. दिवसा तिथे मुलं शिकत. दिवेलागणीला मात्र त्याचं मागचं दार उघडे, ते मोठ्या माणसांसाठी. संसार, धंदा आणि दुखरे गुडघे सांभाळून ती बिचारी पायऱ्या चढत. धुक्यातले त्यांचे कंदील खालून पाहिले, की काजवेच शाळेला निघालेत असं वाटे.

"केस पिकायला लागले आणि आता पाटी घेऊन निघालीस?" शेजारणींनी नाक मुरडलं. त्यांना तरी दुसरा काय उद्योग होता! कासारीण गेलीच.

त्या मागच्या दाराशी एक म्हातारी राखणदारीण बसलेली असे. तिच्या पाठीमागे भिंतभर कोनाडे होते.

"आपल्या कामाची लाज वाटत असेल तर इथे ठेवा, बाबांनो," ती म्हणे. "मी सांभाळीन. पण एक ध्यानात असू द्या. जे इथे ठेवाल, ते तुमचे हात विसरतील."

तरी सगळेच ठेवत. कुणी कात्री ठेवली, कुणी गवंड्याची थापी. न्यायशास्त्र शिकायला आलेल्या एका नावाड्याने वल्हं ठेवलं, आणि दार लागलं की त्या कोनाड्यातून पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येई. कासारणीनेही टोपली ठेवली. वर्गात कुणी विचारलं तर सांगे, "मी आपली घरीच असते."

वर्षं गेली. नाड्यांचे प्रकार, ज्वरांची लक्षणं, काढ्यांची मापं, तिला सगळं तोंडपाठ झालं. मग परीक्षेची संध्याकाळ आली.

आचार्यांनी एका आजारी बाईला समोर बसवलं. कितीतरी दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. दोन्ही मुठी छातीशी घट्ट धरून ती भिंतीला टेकली होती. "हिची नाडी पाहून दुखणं सांग," आचार्य म्हणाले. "या समईतलं तेल संपेपर्यंत वेळ आहे. जमलं तर तू वैद्य. नाहीतर पुन्हा घरी."

कासारणीने हात पुढे केला. बाई आक्रसली. कासारणीने गोड शब्दांत नाडीचं महत्त्व सांगितलं. बाई आणखीच आक्रसली. समईची ज्योत बारीक होऊ लागली. आपले हात लाकडाचे झालेत असं कासारणीला वाटलं. हे हात असे नव्हते!

टोपली आणली तर सगळा वर्ग हसेल, हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं लपवलेलं उघड्यावर येईल. पण डोळ्यांपुढे तो जुना, तापलेला हात आला आणि ती उठून धावत दाराशी गेली.

"दे गं आजी, माझी टोपली दे."

"घे की, तुझीच आहे," म्हातारी म्हणाली.

टोपली घेऊन ती आत आली. मागे कुणीतरी खुदकन हसलंच. तिने जमिनीवर बैठक मारली आणि फडकं बाजूला केलं. बांगड्या किणकिणल्या.

"कुठला रंग आवडतो गं, बाय? हिरवा देऊ? तुझ्या गोऱ्या हाताला काय खुलेल!"

बाईने टोपलीत पाहिलं. मग एक मूठ हळूच छातीपासून सुटली आणि पुढे आली. कासारणीने तळवा मऊ दाबला, अंगठा आत मुडपला, बांगडी चढवली आणि तशीच बोटं मनगटावर ठेवून डोळे मिटले.

"जुना मुरलेला ताप आहे, आचार्य," ती म्हणाली. "असाच तापलेला हात मी पूर्वी एकदा धरला होता, दुसऱ्या एका बाईचा. तेव्हा मला काहीच करता आलं नाही. आज येतंय."

तिच्या काढ्याने बाई बरी झाली. पुढे ती कासारीण गावोगाव हिंडणारी वैद्य झाली. एका खांद्यावर औषधांची पिशवी, डोक्यावर बांगड्यांची टोपली. औषध नको म्हणणाऱ्या बायकाही बांगड्यांना नाही म्हणत नसत.

नावाडी मात्र वल्हं न घेताच न्यायाधीश होऊन गेला होता. बऱ्याच काळाने, केस पांढरे झाल्यावर, तो एका संध्याकाळी धापा टाकत त्या दाराशी आला.

"आजी, कागदावरचा न्याय येतो मला. पण भांडणारी माणसं एका नावेत बसवून पार न्यायचं विसरलोय. माझं वल्हं आहे का अजून? फार उशीर झाला ना?"

म्हातारीने कोनाड्यातून वल्हं काढलं. ते अजून ओलं होतं.

"अरे बाळा," ती म्हणाली, "या दाराने उशीर झालेलेच तर येतात."

ऐकणाऱ्याने घ्यायचं तात्पर्य: मोठेपणी शिकायला जाताना आपलं आधीचं आयुष्य दाराबाहेर ठेवू नये, नवी विद्या त्याच जुन्या हातांनी धरायची असते.