गोजिरीचे वाकडे टाके

निळ्या टेकडीपलीकडच्या गावात गोजिरी नावाची एक चिमुकली राहायची. तिची आई गावभरच्या बाळांची झबली-टोपडी शिवायची. पण शिवता शिवता बिचारीच्या डोळ्यांपुढे धुकं दाटलं, आणि एके दिवशी तर तिला गोजिरीचा चेहराही दिसेना. शिवण थांबलं. चूल कधी पेटायची, कधी नाही.

"आता मीच शिकते शिवायला," गोजिरी म्हणाली. आईचा शिवणाचा डबा आणि तळहाताएवढं पांढरं फडकं घेऊन ती मागच्या बागेत गेली. डब्यात लाल दोऱ्याचा एकच तुकडा उरला होता. तो सुईत ओवतानाच तिला घाम फुटला!

तेवढ्यात कुणीतरी मुसमुसलं. डाळिंबाच्या काट्याला एक इवलीशी परी अडकली होती. झगा सोनसळी, केसांत दवाचे मणी, पण एक पंख टर्रकन फाटलेला.

"रडू नकोस गं, मी शिवून देते," गोजिरी म्हणाली. "पण मला अजून नीट येत नाही हं." आणि तिने परीला काट्यातून अलगद सोडवून तो लाल दोरा सगळाच्या सगळा तिच्या पंखाला घातला. टाके पडले वाकडेतिकडे, पण पंख सांधला गेला.

परीने आपल्या झग्यातून एक चमचमता धागा काढला. "सोनुले, याने फडक्यावर जे भरशील ते खरं होईल. मात्र टाका उसवायचा नाही. उसवलास की गेलं सगळं! आणि ज्याच्यासाठी भरशील, त्याच्या हातात ते सुटं करून द्यायचं. देताना स्वतःकडे जराही अडकवून ठेवायचं नाही."

गोजिरीला किती काय काय हवं होतं! लाडू, झोपाळा, गरमगरम भात... पण धागा होता एवढासाच. तिने फडकं मांडीवर पसरलं, जीभ दातांत धरली आणि आईसाठी दोन डोळे भरले. एक झाला लिंबाएवढा, दुसरा वाटाण्याएवढा. शेवटची गाठ मारून ती हरखून उठली, तर फडक्याबरोबर परकरही वर आला. बाईसाहेबांनी फडकं परकरालाच शिवून टाकलं होतं!

गोजिरीचं तोंड एवढंसं झालं. तो मोरपंखी परकर तिचा एकुलता एक. आईने दिसेनासं होण्याआधी शिवलेला, अगदी शेवटचा.

"थोडंसंच उसवू?" तिने विचारलं. परीने हळूच नकारार्थी मान हलवली.

गोजिरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने परकर एकदा कुरवाळला, डब्यातली कात्री घेतली आणि फडक्याभोवतीचं कापड कापून काढलं.

मग ती डबा उचलून घराकडे धावली आणि तिने फडकं आईच्या हातात ठेवलं. फडक्यावरचे डोळे लुकलुकले. आईच्या डोळ्यांतलं धुकं हळूहळू विरलं, आणि सगळ्यात आधी तिला दिसलं ते परकराचं भलंमोठं भोक.

"अगं बाई! हे काय करून ठेवलंस?"

मग तिने हातातले टाके पाहिले, पोरीचा रडवेला चेहरा पाहिला, आणि तिला सगळं उमगलं. तिने गोजिरीला पोटाशी घट्ट धरलं. दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या.

"किती गं वाकडे टाके!" आई डोळे पुसत म्हणाली. "आण ती सुई. हेच फडकं भोकावर लावू या. शिकवते तुला."

"पण आई, दोरा संपलाय."

खिडकीत खुदकन कुणीतरी हसलं. बघतात तर डबा रंगीबेरंगी रिळांनी शिगोशीग भरलेला! ती रिळं पुढे कधीच संपली नाहीत. खिडकीतून लख्ख उजेड पसरला आणि त्या उजेडात परी वर वर जात दिसेनाशी झाली, एका बाजूला जराशी कलून. पंखावरचे ते वाकडे टाके तिने आजवर उसवलेले नाहीत.