उशिरा बुडालेली वाटी

ज्या काळी कातळसूर गावात घड्याळ एकही नव्हतं आणि शहाणपण मात्र घरोघरी सांडत होतं, त्या काळची ही गोष्ट. फार वर्षं झाली, असं म्हणतात. गावात पाणी नव्हतं. बायका दोन कोस चालून नदीवरून घागरी आणायच्या. पण पोर जन्मलं की ते कुठल्या नक्षत्रावर आलं हे सांगायला अनंतभट जोशी होते, आणि गाव तेवढ्यावर खूश होतं.

जोश्यांकडे तांब्याची वाटी होती. तिच्या बुडाला सुईएवढं भोक. सूर्य उगवला की ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी चढत ती बुडाली की एक घटका झाली. मग पुन्हा काढायची, पुन्हा सोडायची. भिवा बेलदाराच्या घरी पोरगी झाली त्या दुपारी जोश्यांनी घटका मोजल्या, पंचांग उघडलं आणि सांगितलं, "रास धनू. तोंडाची फटकळ निघेल, पायाला भिंगरी राहील, एकदा नेम धरला की बाणासारखी सरळ जाईल. पण नक्षत्र मूळ. भिवा, हिचं तोंड पाहशील तर मरशील."

इतर गावांत सत्तावीस दिवसांनी मुळाची शांत करतात, बापाला तेलाच्या वाटीत लेकराचं प्रतिबिंब दाखवतात आणि विषय संपतो. कातळसूरच्या म्हाताऱ्यांचं एवढ्यावर भागलं नाही. पारावर बसून, सुपारी कातरत त्यांनी ठरवलं, जन्मभर पाहायचं नाही. वर्षातून एकदा तेलात बघ, बास.

आईनं तिचं नाव सोनकी ठेवलं. गाव तिला मुळी म्हणायचं. सोनकी बापाची पाठ ओळखत होती, मानेवरचा तीळ ओळखत होती. बाप घरात आला की ती तोंडावर पदर घ्यायची आणि भाकरी सरकवायची. पण जीभ कुणाच्या बापाला भीत नव्हती. पारावरच्या म्हाताऱ्यांना ती तोंडावर सांगायची, "तुमच्या नक्षत्रांत एवढा जोर आहे, तर घागरभर पाणी काढून दाखवा की!" म्हातारे थुंकून म्हणायचे, "बघा. धनू रास. सांगितलं नव्हतं?"

ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा नदीही आटली. सोनकी माळभर भिंगरीसारखी फिरली आणि उंबराजवळच्या एका वारुळापाशी थांबली. "इथं पाणी आहे," ती म्हणाली. गाव हसलं. भिवा हसला नाही. त्यानं पहार उचलली.

बाप खाली खोदायचा, लेक वर रहाटावर माती ओढायची. विहीर पाच पुरुष खोल गेली, मग सात पुरुष. भिवानं एकदाही मान वर केली नाही.

"आबा, एकदा बघा ना वर. मी काय भूत आहे?"

खालून आवाज यायचा, "पाणी लागू दे, पोरी. पाणी लागलं की बघंन. मग मेलो तरी चालंल."

सोनकीला पाणी नको होतं. तिला ते बघणं हवं होतं. त्यासाठी तिनं हातांची सालटी निघेस्तोवर माती ओढली. येणारेजाणारे टोमणे मारायचे, "अगं मुळे, बापाला जित्तेपणीच पुरलंस की!"

एके सकाळी खालची माती ओली यायला लागली. भिवा गाणं म्हणत होता. आणि काठाखालचा एक धोंडा सुटून हलायला लागला, तो सोनकीला दिसला.

"आबा, वर बघा! आबा!"

भिवा हसला. त्यानं दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. "अजून धार न्हाई लागली, पोरी. दम धर जरा."

'धोंडा' हा शब्द तिच्या तोंडून निघेपर्यंत धोंडा खाली पोचला होता.

असं म्हणतात, की तो जिथं आदळला तिथूनच पाणी फुटलं. सोनकी दोर धरून खाली उतरली, तिनं बापाला कवेत घेतलं, आणि पाणी त्या दोघांना उचलत उचलत काठाला घेऊन आलं. भिवाचं तोंड वर होतं. डोळे उघडे होते. तो लेकीकडे सरळ बघत होता, पण त्या बघण्यात आता कोणी नव्हतं.

गाव घागरी घेऊन धावत आलं. अनंतभट म्हणाले, "बापाला खाल्लं शेवटी. शास्त्र खोटं होत नाही." आणि ओंजळ भरून पाणी प्यायले.

तेवढ्यात जोशीणबाई पुढं आल्या. हातात ती वाटी होती. "ही जन्मली त्याच संध्याकाळी मी वाटी चिंचेनं घासली," त्या म्हणाल्या. "भोकात क्षार साचला होता. वाटी उशिरा बुडत होती, घटका कमी मोजल्या गेल्या. मूळ तेव्हा संपलं होतं. पोर पूर्वाषाढेवरची आहे, पाण्याच्या नक्षत्राची. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, एकदा सांगून झालंय."

कुणी घागर खाली ठेवली नाही. अनंतभट पुटपुटले, "पण बाप मेला ना?"

"मेला," सोनकी म्हणाली. "मूळ नव्हतं तरी मेला. कशानं मेला, ते आता मोजत बसा." तिनं जोशीणबाईंच्या हातातली वाटी घेऊन विहिरीत भिरकावली, बापाला अग्नी दिला आणि उगवतीकडे सरळ चालू पडली. बाणासारखी. बाण कधी माघारी येतो का?

कातळसूर अजून तिचं पाणी पितं. विहिरीला सोनाई म्हणतात, वर्षाला नारळ फोडतात. आणि मूळ नक्षत्रावर पोर झालं की शांतीसाठी सत्तावीस ठिकाणचं पाणी आणतात. त्यात पहिली घागर सोनाईची. ती भरताना कुणाला लाज वाटल्याचं ऐकिवात नाही.

पण त्या मुलखातले बेलदार वेगळं करतात. नवी विहीर धरली की खाली उतरलेला माणूस पहिला घाव घालत नाही. काठावरचा हाक देतो, "वर बघ!" खालचा मान उचलतो, वरच्याचं तोंड डोळे भरून पाहतो, आणि मगच पहार मारतो.