कुमुद तळ्याचा पहिला थवा

पूर्वी वेत्रवतीच्या काठी चंपकनगरात वारिषेण नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व चक्रवाक पक्ष्याच्या जन्माला आला होता आणि दर हिवाळ्यात उत्तरेच्या डोंगरांपलीकडून बदकांचा एक मोठा थवा घेऊन नगराबाहेरच्या कुमुद तळ्यावर उतरत असे.

कुमुद तळे हे राजघराण्याचे शिकारीचे तळे. वारिषेणाला त्याचे वेड लहानपणीच लागले. थंडी पडली की त्याचे वडील त्याला घोंगडीत गुंडाळून तिकडे नेत. दिवस उजाडायच्या सुमाराला दोघे लव्हाळ्यांच्या आडोशाला ओल्या गवतावर बसत. पाण्यावर धुके असे. वरून पंखांची सळसळ ऐकू आली की पोराचा हात धनुष्याकडे जाई, आणि वडील त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणत, "अजून नाही." त्या तळ्याची रीतच तशी होती. सकाळी पहिला उतरेल तो थवा तळ्याचा; त्याच्यावर बाण सोडायचा नाही. तो पाण्यावर नीट बसावा, त्याने चोची बुडवाव्यात, मग दुसऱ्या थव्याची वाट पाहायची. पोराला हे वाट पाहणे अगदी नकोसे होई. गंमत अशी की पुढे म्हातारपणी त्याला शिकारीतले तेवढेच आठवत राहिले, वडिलांच्या हाताची ऊब आणि ते दोन शब्द.

वडील गेले, वारिषेण राजा झाला, रीत चालू राहिली. एका हिवाळ्यात त्याने दुसऱ्या थव्यावर बाण सोडला आणि एक चक्रवाकी पाण्यात पडली. थवा उडून गेला, पण तिचा जोडीदार उडाला नाही. तो तिच्याभोवती पोहत राहिला. माणसे होडी घेऊन अगदी जवळ गेली तरी तो हलला नाही. तो जोडीदार म्हणजेच बोधिसत्त्व. ते पाहून राजाने धनुष्य खाली ठेवले आणि नगरात येऊन दवंडी पिटवली, की कुमुद तळ्यावरच्या पक्ष्यांना अभय आहे, लोखंड घेऊन कोणीही तळ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही.

राजा मोठ्या मनाचा होता यात शंका नाही. पण मोठ्या मनाच्या माणसांना एकदा आज्ञा सोडली की मागे वळून पाहायची सवय नसते. पहारेकऱ्यांनी आज्ञा पाळली, आणि जरा जास्तच मनावर घेऊन पाळली. बाणाचे टोक लोखंडाचे, म्हणून बाण बंद झाला. पण विळाही लोखंडाचा असतो आणि कुदळही.

त्या तळ्याची निगा पिढ्यान्‌पिढ्या राजाचे पारधी राखत आले होते. शिकारीचा हंगाम सरला की त्यांचा म्होरक्या सोणक आपली माणसे घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरे. ते माजलेली पाणकणसे कापत, पाखरांच्या आडोशापुरती राखत आणि नदीकडून येणाऱ्या पाटातला गाळ उपसत. यात पुण्य वगैरे काही नव्हते. शिकार हवी तर तळे हवे, एवढाच त्यांचा हिशेब. दवंडीनंतरच्या वर्षी सोणक नेहमीप्रमाणे आला, तर पहारेकऱ्याने भाला आडवा धरला.

"अरे बाबा, गवत कापायचंय," सोणक म्हणाला. "बदकं नाही कापत विळ्यानं!"

"लोखंड आहे ना? मग माघारी फिरा."

सोणक चिडून माघारी गेला तो पुन्हा आला नाही. पाट गाळाने भरला, नदीचे पाणी वरच्यावर निघून जाऊ लागले. पाणकणसे माजली, वाळली, कुजली. तळे आटत आटत डबक्यावर आले आणि गुरे तिथे चरू लागली. राजा मात्र राजवाड्यात पाहुण्यांना अभिमानाने सांगे, "आमच्या तळ्यावर आता एकही पक्षी मरत नाही." ते खोटे नव्हते. मरायला तिथे पक्षीच फारसे उतरत नव्हते.

अशी बरीच वर्षे गेल्यावर एका हिवाळ्यात अमात्य पिंगल राजाकडे आला. "महाराज, कुमुद तळं आता नावालाच उरलंय. तिथे भातखाचरं पाडू या. आपली मोहोर उमटली की लगेच नांगर धरता येईल."

राजाला नाही म्हणायला कारण सापडेना. पण मोहोर उमटवण्याआधी एकदा जाऊन यावे असे त्याला वाटले. तो एकटाच गेला आणि जुन्या आडोशाची जागा शोधून तिथे बसला. लव्हाळी नव्हती, धुके नव्हते. पायाखाली भेगाळलेली माती होती. वडील परत एकदा मरण पावल्यासारखे त्याला वाटले आणि तो तसाच बसून राहिला.

तेवढ्यात वरून पंखांची सळसळ आली. थवा तळ्यावर घिरट्या घालू लागला, खाली येई आणि पुन्हा वर जाई. उतरायला पाणीच नव्हते. शेवटी थवा नदीकडे वळला आणि एक म्हातारा चक्रवाक तेवढा खाली आला. तो भेगाळल्या मातीवरून चालत थेट राजासमोर येऊन उभा राहिला.

"मला ओळखलंस?" राजाने विचारले.

"ओळखलं, महाराज," बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी धनुष्य खाली ठेवलंत, तेही मी पाहिलं होतं."

राजाला रडू आवरेना. "मग माझं चुकलं कुठे? त्यानंतर मी इथे एकही बाण सुटू दिला नाही."

"बाणानं आमच्यातलं एखादं जायचं. आता सगळा थवाच नदीच्या उघड्या वाळूवर बसलाय. दक्षिणेला दुसरं तळं आहे. तरणी पाखरं पोहोचतील तिथवर. यंदाच्या पिल्लांचे पंख तेवढे टिकायचे नाहीत. महाराज, तुम्ही आम्हाला अभय दिलंत, तळ्याला द्यायचं राहून गेलं."

"काय हवं ते माग."

"विळे आणि कुदळी. आणि सोणकाला बोलवा."

राजा दचकला. "सोणकाला? त्यानं तुझी किती पाखरं मारली आहेत, माहीत आहे ना? आणि त्यानं पुन्हा धनुष्य उचललं तर?"

"त्याची भीती मला आहेच," चक्रवाक म्हणाला. "पण ती माझी भीती आहे. तिच्यापायी पिल्लांचं पाणी मी अडवून धरणार नाही."

राजाने मोहोर उमटवली नाही. त्याने सोणकाला बोलावणे पाठवले. सोणक आता पुरता पिकला होता, पण जुना राग तसाच ताजा होता. कुदळ खांद्यावर घेऊन तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, लोखंड चालेल ना?"

राजा म्हणाला, "चालेल. एक मलाही दे."

पारधी उतरले, त्यांच्यामागून नगरातले लोक आले. राजानेही गाळ उपसला. फारसा नव्हे, पण उपसला. पाट मोकळा झाला तेव्हा वेत्रवतीचे पाणी खळखळत आत आले आणि तळ्याच्या भेगा मिटत गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना राजा आणि सोणक पाटाच्या कडेला, उरल्यासुरल्या लव्हाळ्यांत बसले. सोणकाने सवयीने धनुष्य आणले होते. पंखांची सळसळ झाली आणि त्याचा हात आपोआप बाणाकडे गेला. राजाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अजून नाही."

पहिला थवा उतरला. पिल्लांनी चोची बुडवल्या. म्हातारा चक्रवाक सर्वांत शेवटी पाण्यावर बसला. मग दुसरा थवा आला. सोणकाने राजाकडे पाहिले. राजाचे डोळे भरून आले होते.

"अजून नाही," तो म्हणाला.

तिसरा थवा आला तेव्हाही राजाचा हात तिथेच होता. सोणक हसला आणि त्याने धनुष्याची दोरी उतरवली. पारध्यांनी शिकारीची रीत मोडली नाही. दर हिवाळ्यात ते धनुष्ये घेऊन आडोशाला बसत, थवे उतरताना पाहत, आणि वडीलधारा माणूस शेजारच्याच्या गुडघ्यावर हात ठेवी. हंगाम सरला की विळे घेऊन पाण्यात उतरत.

ही कथा विहारात शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, एका वृद्ध भिक्षूला सांगितली. गावाकडचे आटलेले तळे आठवून तो डोळे पुसत बसे. शास्ते म्हणाले, "त्या वेळचा वारिषेण राजा तूच होतास. विहाराच्या कुंडातला गाळ काढणारा हा कुरकुऱ्या उपासक तेव्हा सोणक होता. आणि तो चक्रवाक मीच होतो."

हे ऐकताना वृद्ध भिक्षूचा हात नकळत शेजारी बसलेल्या उपासकाच्या गुडघ्यावर गेला. ज्याने आपले माणूस हिरावले त्याच्याही हाती विश्वासाने विळा देणे आणि आपल्या भीतीपेक्षा दुसऱ्याच्या पिल्लांचे पाणी मोठे मानणे, हीच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, होय.