महाराजांची पहिली नोकरी

एक होतं रान. रानात वडाचं झाड, झाडाखाली शाळा, आणि शाळेला चक्क बाईही होत्या. या बाई म्हणजे तांबडी कोंबडी. त्यांच्या वर्गात सशांची, कोल्ह्यांची, सगळ्यांचीच पिल्लं बसत. त्यांची स्वतःची लेक तुरीही तिथंच बसे.

रानाचा राजा कोल्हा होता. यंदा पहिलीच्या पुस्तकात त्याच्यावर धडा आला. लहानपणीच्या कामातून पुढारी कसा घडतो, हे मुलांना वेळीच कळावं, असा सरकारचा हेतू होता. घरची गरिबी म्हणून महाराजांनी लहानपणी एका खुराड्याची राखण केली होती. धड्यात लिहिलं होतं, 'बाळमहाराज इतके मन लावून राखण करीत, की शेवटी एकाही कोंबडीची तक्रार उरली नाही.'

त्या खुराड्यात बाईंची आजी होती. बाईंनी धडा खणखणीत वाचला, मुलांकडून वाचून घेतला आणि फळा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली. त्यांना रडू येत होतं. पण त्या अजून शिक्षणसेवक होत्या, कायम झाल्याशिवाय रडायची सोय नव्हती.

धडा गाजला. मग जो तो म्हणू लागला, महाराज आमच्याकडेही कामाला होते. गाढवं म्हणाली, आमच्याबरोबर ओझी वाहिली. मधमाश्या म्हणाल्या, मध गोळा केला. बदकांनी तर सांगितलं, एका हिवाळ्यात महाराजांनी आमची अंडी उबवली. पिल्लं किती निघाली, असं एका घुबडानं विचारलं. त्यावर घुबडांना दिवसा दिसत नाही, असा सरकारी खुलासा आला.

पाठोपाठ फर्मान निघालं. नुसतं वाचून पुढारी घडत नाही, तेव्हा प्रत्येक मुलानं काम करावं. ही बालमजुरी नव्हती, कारण मजुरी मिळणार नव्हती.

शिक्षणाधिकारी बगळेसाहेब पांढऱ्याशुभ्र वेषात शाळेत आले आणि एका पायावर उभं राहून म्हणाले, "बालमित्रांनो! आजचा राखणदार, उद्याचा...?"

"राजा!" कोल्ह्यांची पिल्लं ओरडली. त्यांची घरी तयारी करून घेतली होती. खुराड्याची राखण त्यांनाच मिळाली.

"साहेब," बाईंनी विचारलं, "मग आमच्या पिल्लांना काय काम?"

"राखून घ्यायचं! खुराडं रिकामं राहिलं, तर या मुलांना अनुभव कुठून मिळणार?"

"माझी तुरी फार लहान आहे हो. तिला तेवढी वगळा. पाया पडते तुमच्या."

"पोटच्या लेकराची संधी हिरावता? बाई, तुम्ही आई आहात की विरोधी पक्ष?"

तुरीला नेलं. मधल्या सुट्टीत बाई धापा टाकत खुराड्यापाशी पोचल्या. दारात महाराजांचे थोरले, बाळराजे, तोंड पुसत उभे होते.

"बाई, तुम्ही कशाला आलात?" ते अदबीनं म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत ना, मन लावून राखायचं?"

आत तुरीची पिसं होती. बाई तिथंच मटकन बसल्या आणि ऊर फुटेस्तोवर रडल्या. आपण शिकवलेला धडा एका तरी मुलाला नीट समजला, हे त्यांना तेव्हा कळलं.

उपक्रम वाढत गेला. पिल्लं पुरेनात, तेव्हा अनुभवासाठी कोंबडवाडीतल्या थोरामोठ्या कोंबड्याही नेण्यात आल्या. पट घटला म्हणून सरकारनं शाळा बंद केली आणि बाईंना निवडणुकीच्या कामाला लावलं.

पंचायतीसाठी यंदा सगळे उमेदवार तरुण आणि कामाचा अनुभव असलेले होते. कोंबडवाडीतून बाळराजांनी अर्ज भरला. वाडीत आता एकट्या बाईच उरल्या होत्या, आणि सरकारी नोकराला निवडणूक लढवता येत नाही.

बाळराजे बिनविरोध निवडून आले.