पिशवीवरचा मोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगराला नाव नव्हतं आणि नदीला तर गावकरी नुसतंच ‘ती’ म्हणत. त्या डोंगराच्या पायथ्याशी धुरपा नावाची एक सुईण राहायची. नवरा लवकर गेलेला. घरात ती आणि म्हातारे सासरे, दोघंच. सासऱ्यांचा जन्म चामड्याच्या कामात गेला होता, आणि धुरपाही त्यांच्याकडून ते काम शिकली होती.

तिच्या खांद्याला सासऱ्यांनीच शिवलेली एक पिशवी असायची. वीस वर्षं वापरून काळी पडलेली, कोपरे झिजलेले. त्या पिशवीतल्या मुळ्या आणि काढे घेऊन धुरपानं चार गावांची बाळंतपणं केली होती.

एकदा राजवाड्यातून बोलावणं आलं. बाळंतपण नीट पार पडलं, ओटी भरली, सगळं झालं. पण तिथल्या बायकांच्या हातात धुरपानं चामड्याच्या सुबक पिशव्या पाहिल्या. प्रत्येकीवर पिसारा फुलवलेला मोर उठवलेला. राजधानीतल्या एका नामांकित कारागिराच्या त्या पिशव्या. सांगून ठेवलं तर वर्षानं मिळायच्या. आणि निघताना एका दासीनं धुरपाची पिशवी गालिच्यावरून पायानं बाजूला सारली.

बस्स. एवढंसं ते, पण धुरपाच्या मनाला फार लागलं. अहो, कुणालाही लागलं असतं.

घरी येऊन तिनं माळ्यावरचं जपून ठेवलेलं कातडं काढलं. “मामंजी, मी मोराची पिशवी करणार,” ती म्हणाली. “घरीच. वाड्यातल्या बायकांनी बघत राहावं अशी.”

“कर की,” सासरे म्हणाले. “हात आहे तुझा चांगला.”

तिनं कातडं भिजवलं, पसरलं आणि खडूनं खुणा करू लागली. म्हातारा अंगणात बसून बघत होता. थोड्या वेळानं त्याला राहवलं नाही.

“सूनबाई, पट्टा कुठनं काढतेस?”

“पोटाच्या बाजूनं. पाठीचा एवढाच सलग तुकडा आहे, तो मोराला लागेल. पोटाच्या कातड्यावर मोर उठत नाही, पसरतो.”

“पोटाचं कातडं ताणतं गं. जनावर जन्मभर पाठीवर ओझं वाहतं. तिथलं कातडं ओझ्यालाच ठेवावं.”

“मग मोराचं काय करू?”

“लहान काढ.”

“लहान मोर कुणाला दिसणार, मामंजी?”

म्हाताऱ्यानं चंची सोडली. शहाणी माणसं एकदा सांगतात आणि मग तंबाखू मळत बसतात.

धुरपानं रापीनं तुकडे कापले. मोराची रेघन्‌रेघ ओल्या चामड्यावर कोरली. डाळिंबाच्या सालीचा रंग दिला, आरीनं भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्यानं बारीक शिवण घातली, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. अकराव्या दिवशी पिशवी तयार झाली. खोटं कशाला बोलू, राजधानीच्या कारागिरानंही मान डोलावली असती. फक्त पाठीच्या त्या तुकड्याएवढीच काढल्यानं पिशवी आतून आखूड झाली होती. सगळी औषधं मावेनात, म्हणून निम्मी जुन्या पिशवीतच खुंटीवर राहिली.

दोन दिवसांनी सकाळी नदीपलीकडच्या वाडीतला भिवा धावत आला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलंच बाळंतपण. धुरपानं मोराची पिशवी खांद्याला अडकवली. आत तेलाची बुधली होती, मुळ्या होत्या, छोटा लोखंडी खलबत्ता होता. चालता चालता पट्टा लांबत गेला. आधी पिशवी कमरेशी होती, मग मांडीशी आली, मग गुडघ्यावर आपटू लागली. नदीवरच्या साकवावर धुरपा मधोमध आली आणि पट्टा तुटला.

पिशवी पाण्यात पडली. पुढं लव्हाळ्यात अडकली ती भिवानं उतरून काढली. खलबत्ता बुडाला होता, बुधली फुटली होती, मुळ्या वाहून गेल्या होत्या. मोरावर मात्र एकही ओरखडा नव्हता.

“भिवा, तू माघारी माझ्या घरी जा,” धुरपा म्हणाली. “खुंटीवरची काळी पिशवी आण. मी पुढं होते.”

बाळ सुखरूप झालं. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. पण आईचं रक्त काही थांबेना. त्यावरची मुळी वाटून द्यायला हवी होती आणि धुरपाच्या हाताशी मुळी नव्हती. ती त्या बाळंतिणीचं पोट दाबून धरून बसली, दाराबाहेरच्या वाटेकडे बघत. पोरीचे ओठ पांढरे पडत चालले. ‘माझ्या मोरापायी ही पोर जाणार,’ एवढंच धुरपाच्या मनात होतं. इतकी लाज तिला राजवाड्यातही वाटली नव्हती.

भिवा आला. काळी पिशवी छातीशी धरून आला. मुळी पाट्यावर वाटली, पोटात गेली, आणि दिवस कलायच्या आत रक्त थांबलं. पोरीनं लेकीला जवळ घेतलं तेव्हा धुरपा मागच्या दारी जाऊन पोटभर रडली.

घरी आल्यावर सासऱ्यांनी एवढंच विचारलं, “बाई बरी आहे ना?” पट्ट्याचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपानं पिशवी उसवली. मोर पाटावर ठेवला आणि रापी हातात घेतली. तिचा हात क्षणभर अडला. तेव्हा म्हातारा उठला, समोर येऊन बसला आणि त्यानं चामड्याचं दुसरं टोक घट्ट धरलं. धुरपानं मोर उभा चिरला. त्याचे दोन पट्टे झाले, आणि दर्शनी बाजूला लागलं पोटाचं साधं कातडं. या खेपेला पिशवी आतून ऐसपैसही झाली.

पुढं राजवाड्यात पुन्हा जायची वेळ आली. पट्ट्यावर कुठं पिसाऱ्याचा डोळा, कुठं मानेची रेघ बघून बायका भोवती जमल्या. “हा कुठला गं नवा नमुना?” त्यांनी विचारलं.

“हा पाठीच्या कातड्याचा,” धुरपा म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून आत बाळंतिणीकडे गेली. ती पिशवी तिला मरेपर्यंत पुरली.

म्हणून लक्षात ठेवा: शोभेला उरलंसुरलं चालतं, पण भार पेलणाऱ्या जागी आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं लावावं.